उष्टं गुलाबी पाणी

माझी सगळी नोकरी एका गुलाबी रंगाकडे बघण्यात गेली. प्रयोगशाळेत तुम्ही नेमकं काय करायचात, असं कुणी विचारलं की मी सांगते, बघायची. हे उत्तर कुणाला पटत नाही. आमच्या ह्यांना तर मी निवृत्त होईपर्यंत वाटत होतं की बायको काहीतरी लपवते आहे. पण खरंच, सकाळी येऊन उबेचं कपाट उघडायचं आणि आतल्या चपट्या बाटल्यांमधल्या पाण्याचा रंग बघायचा, हेच माझं मुख्य काम होतं. बाकीची धावपळ त्या रंगावरून ठरायची.

यवतमाळच्या एका विज्ञान महाविद्यालयाच्या मागच्या अंगाला, कडुनिंबाखाली आमची खोली होती. तिथे आम्ही माणसाच्या पेशी वाढवायचो. एका बाटलीत तोंडाच्या कॅन्सरच्या पेशी असायच्या. मोठ्या शहरातल्या पेशींच्या संग्रहातून त्या बर्फात बसून आमच्याकडे आल्या होत्या. कधीकाळी कुणाच्या तरी तोंडातून काढलेला कणभर तुकडा, त्याची ही पिढ्यान्‌पिढ्यांची लेकरं. ते माणूस कोण, बाई की पुरुष, काय खायचं, कुणावर रागवायचं, काही ठाऊक नाही. ते कधीच गेलं असणार. त्याचा गाल मात्र यवतमाळच्या दुपारी आमच्या गुलाबी पाण्यात पहुडलेला असायचा. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला की मला वेळेचं भान राहायचं नाही. पेशी दुभंगायच्या आधी गोल होते, तिच्या कडा उजळतात, ती क्षणभर थबकल्यासारखी वाटते आणि मग एकीच्या दोघी होतात. किती वेळा बघितलं तरी मला ते नवंच वाटायचं. आमच्या प्रमुख काळबांडे मॅडम दारातूनच म्हणायच्या, मंदाताई, परत या आता. मी परत यायची, पण सावकाश.

ती कापसाची वाईट वर्षं होती. जिनिंगमधली रुई हवेवर तरंगत यायची आणि आमच्या खिडकीच्या जाळीला चिकटून बसायची. बाजारात, बसस्टँडवर, कॉलेजच्या कँटीनमध्ये एकच विषय, भाव. त्यात भारनियमन. आमच्या पेशींना अंगाइतकी ऊब लागते, ना कमी ना जास्त, आणि उबेचं कपाट फक्त गरम करू शकतं, गार करू शकत नाही. यवतमाळच्या मे महिन्यात वीज गेली की खोलीच कपाटाहून गरम व्हायची. मग मी बाटल्यांची झाकणं घट्ट लावून त्या ट्रेमध्ये ठेवायची, ट्रे पाण्याच्या माठाशेजारी, वर ओलं फडकं, आत थर्मामीटर. पीएच.डी.ला आलेल्या एका सरांनी हे दृश्य बघितलं आणि मॅडमना हळूच विचारलं, हे परीक्षकांना सांगायचं का? मॅडम म्हणाल्या, सांगायचं, फक्त माठाला काहीतरी भारी नाव द्या.

दुसरी भानगड गॅसची. कपाटात थोडा कार्बन डायऑक्साइड सोडत राहावा लागतो, तो संपला की पाणी गुलाबीचं जांभळं होतं. आमचा सिलिंडर सोडावॉटरवाल्यांच्या सिलिंडरांबरोबरच यायचा. तो आणणाऱ्या भाऊंना शेवटपर्यंत खात्री होती की कॉलेज आतल्या आत सोडा विकतं. एकदा त्यांनी गुलाबी बाटली बघितली आणि गंभीरपणे विचारलं, "बाई, ह्यात कोणता स्वाद टाकता?" मी म्हटलं, कॅन्सरचा. त्यानंतर ते सिलिंडर दाराबाहेरच ठेवून जायला लागले.

आता त्या रंगाचं सांगते. पेशींना आम्ही जे पाणी देतो त्यात साखर, क्षार आणि वासराच्या रक्ताची निवळ असते. शिवाय त्यात एक रंग असतो, आंबटपणा वाढला की तो गुलाबीचा नारिंगी आणि शेवटी पिवळा होतो. कॅन्सरच्या पेशींची बाटली लवकर पिवळी पडते, कारण त्या साखर धड जाळत नाहीत. निरोगी पेशी निगुतीच्या बाईसारखी चूल पेटवते, लाकूड राख होईस्तोवर वापरते. कॅन्सरची पेशी भरमसाट लाकडं चुलीत कोंबते आणि अर्धी जळालेली बाहेर फेकून देते. ही अर्धी जळकी लाकडं म्हणजे दुग्धाम्ल, दह्याला आंबट करतं तेच. बाटली पिवळी दिसली की मला घरच्या विरजणाच्या भांड्याची आठवण यायची आणि दही खाताना बाटल्यांची. ह्या धंद्यात माणूस असं बिघडतं.

पण खरी गंमत पुढे आहे. ह्या पेशी एकमेकींशी बोलतात. तोंड नाही, कान नाही, पण पाण्यात बारीक बारीक पदार्थ सोडतात आणि शेजारणीला ते कळतात. खेड्यातल्या माणसाला मी हे कामगंध सापळ्यावरून समजावते. बोंडअळीच्या मादीचा वास लावलेली रबराची गोळी शेतात टांगली की नर पतंग लांबून येऊन सापळ्यात पडतात. एक शब्द नाही, तरी निरोप पोचतो. आमच्या एम.एस्सी.च्या मुली सुरुवातीला फार स्वच्छता करायच्या. बाटलीत पेशी थोड्या असल्या तरी रोज पाणी बदलायच्या आणि पेशी रुसून बसायच्या, वाढायच्याच नाहीत. मी सांगायची, अगं, तुम्ही त्यांचं बोलणंच धुऊन टाकता. जुन्या बाटलीतलं वापरलेलं पाणी गाळून त्यात थोडं घाला. घातलं की दोन दिवसांत पेशी हातपाय पसरायच्या. ह्या वापरलेल्या पाण्याला इंग्रजीत मोठं नाव आहे. आमच्या खोलीत सगळे त्याला उष्टं म्हणायचे.

मॅडमचा अभ्यास ह्या उष्ट्याचाच होता. कॅन्सरच्या पेशींचं उष्टं पाणी घ्यायचं, एकही पेशी राहू नये असं गाळायचं, त्यात ताजं घालून पुन्हा गुलाबी करायचं आणि ते निरोगी शेजारपेशींना द्यायचं. मांसाला आणि कातडीला आधार देणाऱ्या ह्या पेशी, लांबट, शांत. त्यांची बाटली एरवी कित्येक दिवस गुलाबीच राहायची. उष्टं दिलं की तीही पिवळी पडायला लागायची. म्हणजे कॅन्सरच्या निरोपावरून शेजारणीनंही आपल्या चुलीतली लाकडं अर्धी जाळून बाहेर ठेवायला सुरुवात केलेली असायची, आणि कॅन्सरची पेशी तीच उचलून आपली चूल चालवायची. सगळ्याच कॅन्सरांत असं होतं असं नाही, आणि एका बाटलीत दिसलं ते अंगात तसंच घडतं असंही नाही, हे मॅडम दर वेळी बजावायच्या. पण ते बघताना मी तासन्‌तास विचार करत बसायची. एक जण बोलतो आणि दुसऱ्याची भूक बदलते, ह्याचं मला फार नवल वाटायचं.

त्याच वर्षी पोळ्याच्या सुमाराला माझी थोरली नणंद कमलताई आजारी पडली. घाटंजीजवळच्या खेड्यात त्यांची कोरडवाहू शेती होती. उंच, काटक बाई, वेचणीला उभी राहिली की तरण्या पोरी मागे पडायच्या. तंबाखूची चिमूट गालात कायमची. तिथेच जखम झाली आणि भरेना. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, कॅन्सर आहे, पण ऑपरेशन होण्यासारखा आहे. फक्त अशक्तपणा फार आहे, खाऊन पिऊन वजन वाढवून या, तरच हात लावू.

आम्ही त्यांना भेटायला गेलो तर वजन वाढायच्या ऐवजी त्या निम्म्या झालेल्या. मागच्या सालचा कापूस भाव नाही म्हणून घरातच पडून होता, आतली खोली आढ्यापर्यंत पांढरी. त्या ढिगाला टेकून कमलताई डोळे अर्धे मिटून पडलेल्या. खिडकीतून ऊन यायचं, त्यात कापसाचे तंतू तरंगायचे, आणि त्या इतक्या हलक्या दिसत होत्या की मला वाटलं, जोराचा वारा आला तर ह्याही उडतील. मला भीती वाटली. त्यांच्या पुतण्याने पेपरात वाचून सांगितलं होतं की कॅन्सर साखरेवर जगतो. तेव्हापासून त्यांनी साखर सोडली, मग भात, मग भाकर. भाजीचं पाणी तेवढं घ्यायच्या. आयुष्यभर उपास केलेली बाई, उपाशी राहणं हे एक शस्त्र त्यांना चांगलं चालवता येत होतं.

"मी त्याले उपाशी मारून राह्यली," त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात चक्क समाधान होतं. मग माझ्याकडे वळल्या. "तुह्या खोलीत तं थोच हाये न? तूच सांग मले, थो साखर खाते का नाही?"

आता काय सांगावं? घरातले सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. नाही म्हटलं असतं तर त्या जेवल्या असत्या, पण ते खोटं झालं असतं. हो म्हटलं तर त्या तशाच पडून राहणार आणि डॉक्टर हात लावणार नाहीत. पेपरातलं वाक्य खरं होतं, फक्त अर्धं होतं, आणि अर्ध्या खऱ्याशी भांडणं खोट्याशी भांडण्यापेक्षा कठीण असतं. मी म्हटलं, ताई, चला माझ्यासोबत, तुम्हाला तो दाखवते. मोठ्या उत्सुकतेने त्या तयार झाल्या. आपला शत्रू बघायला कोण नाही म्हणेल?

मॅडमनी परवानगी दिली. मी आधीच बाटल्या लावून ठेवल्या होत्या. रविवारी दुपारी कॉलेजात चिटपाखरू नव्हतं, कपाटाची घरघर तेवढी चालू होती. त्यांना घेऊन आलेले भाऊजी, म्हणजे त्यांचे यजमान, बाहेर कडुनिंबाखाली बसले. कमलताईंना मी स्टुलावर बसवलं आणि एक पिवळी बाटली दाखवली. हा कॅन्सर, म्हटलं, एकटा, भरपूर साखर खाऊन. त्यांनी मान हलवली, पेपर खरा ठरला होता. मग गुलाबी बाटली. ह्या तुमच्या-माझ्यासारख्या साध्या पेशी. मग तिसरी, ह्याच साध्या पेशी पण कॅन्सरचं उष्टं दिलेल्या. ती नारिंगी-पिवळी होती. शेवटी सूक्ष्मदर्शकाखाली मी आणखी एक बाटली ठेवली. तिच्यात दोन्ही पेशी एकत्र होत्या आणि साखर जवळजवळ नव्हतीच. त्यांना एका डोळ्याने बघायला शिकवण्यात बराच वेळ गेला. मग त्या बघतच राहिल्या, माझ्यासारख्याच. काय दिसतंय ते मी शेजारून सांगत होते. लांबट त्या साध्या, बारीक झाल्यात, काही सुटून वर तरंगतायत. गठ्ठ्याने बसल्यात त्या त्याच्या, अजून धरून आहेत.

"म्हंजे साखर बंद केली तं ह्या आधी मरून राह्यल्या," त्या म्हणाल्या.

हो म्हटलं. तो निरोप धाडतो आणि ह्या आपल्या तोंडचं काढून त्याला देतात. तुम्ही उपाशी राहिलात की तुमचं मांस झिजतं, त्याचं भागतंच. त्याला मारायचं काम डॉक्टरांच्या सुरीचं, तुमच्या पोटाचं नाही. मी बोलत होते तोवर त्यांनी सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढला नाही.

"माह्याच अंगातल्या ह्या?" त्यांनी विचारलं. तुमच्या नाहीत, पण तशाच, मी म्हटलं. त्या स्टुलावरून उतरल्या, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "मंदे, मले चहा पाज. साखर टाकून." मी खोलीबाहेरच्या शेगडीवर चहा केला. त्यांनी तो बशीत ओतून, गार करून, चांगल्या बाजूच्या गालाने पिऊन टाकला. मला वाटलं, जिंकलो.

पण माणूस म्हणजे बाटली नव्हे. आपण एक दाखवावं आणि त्याने दुसरंच उचलावं. दसरा झाला आणि सीतादहीचं बोलावणं आलं. कापसाची पहिली वेचणी धरायच्या दिवशी आमच्याकडे शेतात सीतादही करतात. पऱ्हाटीला, म्हणजे कापसाच्या झाडाला, हळदकुंकू वाहायचं, दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा, मग सगळ्या बायांनी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, एकत्र बसून तोच दहीभात खायचा आणि ओटी बांधून वेचायला लागायचं. भाव नाही म्हणून कुणी सीतादही चुकवत नाही. त्या वर्षी तर मला वाटतं जरा जास्तच मनापासून केली.

गेले तर पूजा कमलताईंनीच केली. बोंडं फुटलेली, सगळं शेत पांढरंशुभ्र आणि निवांत, वारा पडलेला. दहीभात वाढून झाला आणि बघते तो कमलताई आपली वाटी घेऊन लांब बाभळीखाली जाऊन बसलेल्या. सुनेने सांगितलं, त्या यवतमाळहून आल्यापासून असंच. जेवतात, पण एकट्या. ताट वेगळं, पेला वेगळा, नातीला मांडीवर घेत नाहीत. आणि एकट्या बसल्या की दोन घासांत उठतात. वजन तिथेच आहे, पुढच्या आठवड्यात नागपूरला बोलावलंय.

मी बाभळीखाली गेले. काहून इकडे बसल्या, म्हणून विचारलं.

"तूच तं दाखवलं," त्या म्हणाल्या. "त्याचं उष्टं पाणी गेलं अन् चांगल्या बिघडल्या. माहं उष्टं लेकरायले नोको."

बाटल्या दाखवताना मी रंगाचा विचार केला होता, उपासाचा केला होता, पण उष्टं हा शब्द तिथे ठेवून आपण काय केलं हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. आमच्या खोलीत तो नुसता थट्टेचा शब्द होता. मी त्यांना समजावलं की ते निरोप एकाच अंगात, लगतच्या पेशींत चालतात. दुसऱ्याच्या पोटात गेले तर पोट त्यांना पचवून टाकतं. हा रोग एका ताटात जेवून लागत नाही, डॉक्टरांनी पण सांगितलंय. त्या शहाण्या पेशंटसारख्या मान हलवत होत्या, म्हणजे ऐकत नव्हत्या. त्यांच्या वाटीतला भात तसाच होता, एका कडेने दोन घास तेवढे कमी.

मग मी त्यांच्या हातातून वाटी घेतली आणि जिथून त्यांनी खाल्लं होतं तिथूनच एक घास घेतला. त्यांनी माझं मनगट धरलं.

"उष्टं हाये थे, मंदे."

मी दुसरा घास घेतला. दही छान लागलं होतं, थोडं आंबटच. माझा हात धरून, डोळे न हलवता कमलताई माझ्या तोंडाकडे बघत बसल्या, मी रोज सकाळी बाटल्यांकडे बघायची तसं, रंग बदलतो का म्हणून. बायांनी वेचायला सुरुवात केली होती, त्यांचं गाणं शेताच्या त्या टोकाहून बारीक ऐकू येत होतं. मग त्यांनी माझ्याकडून वाटी काढून घेतली आणि खायला लागल्या. वाटी चाटूनपुसून झाल्यावर त्यांनी नातीला हाक मारली आणि आणखी भात मागवला. ती आली तशी तिला मांडीवरच बसवून ठेवलं.

नागपूरला ऑपरेशन झालं. अर्धा जबडा गेला, तोंड दोन बोटांपुरतं उघडायचं, पण कमलताई परत आल्या आणि बरीच वर्षं वेचणीला उभ्या राहिल्या. आमची खोली पुढे बंद झाली, मॅडम गावी गेल्या, कपाट कुठल्याशा स्टोअरमध्ये पडलं. माझ्या डोळ्यांपुढे मात्र अजून कधी कधी गुलाबी पाणी येतं आणि मग मला कुणी परत या म्हणणारं नसतं.

दर वर्षी सीतादहीला मी जायची. कमलताई माझी वाटी स्वतः भरायच्या, आधी तिच्यातला एक घास पातळ करून स्वतः घ्यायच्या, सगळ्यांच्या देखत, आणि मग ती वाटी माझ्यापुढे सरकवायच्या. त्या गेल्या त्या वर्षी सुनेने मला स्वच्छ, काठोकाठ भरलेली वाटी आणून दिली. मी ती घेऊन बाभळीखाली कितीतरी वेळ बसले. कुणीच न उष्टावलेला तो भात माझ्या घशाखाली उतरला नाही.